जिचं सुतक लागत नाही

काल फोनवर रडता रडता तू दोनदा ‘सॉरी ताई’ म्हणालीस. मला ते झोंबलं. सख्ख्या बहिणीपुढे रडायची माफी कसली मागतेस? आणि वर तुझं ते, “मैत्रीण गेली म्हणून मीच अशी रडत बसले तर तिच्या घरच्यांनी काय करायचं?” फोनवर तुला मोकळं बोलता येत नाही, ते मला कळतं. मध्येच भाऊजी चहाचं विचारतात, सून आत-बाहेर करते, की लगेच तुझा आवाज बदलतो आणि आपण गवारीच्या भावावर येतो. म्हणून लिहूनच काढते. दुपारी सगळे आडवे झाले की वाच.

धाकटे, गेल्या वर्षी तुझ्या सासरचे कुणी लांबचे भाऊबंद गेले, आठवतंय? त्यांना तू आयुष्यात पाहिलं नव्हतंस. तरी तीन दिवस देवांना हात लावला नाहीस, सत्यनारायणाचं बोलावणं आलं तर ‘आम्हाला सुतक आहे’ म्हणून मोकळी झालीस. आणि ही गेली त्याच्या तिसऱ्या दिवशी संकष्टी होती, तर तू एकवीस मोदक केलेस. उकड काढली, पाऱ्या केल्या, चंद्रोदयापर्यंत उपास धरला, सगळ्यांना तूप घालून वाढलंस. कारण सुतक नव्हतं! वाईच्या शाळेपासूनची मैत्रीण गेली आणि तुला एका दिवसाचीही सवड कुणी दिली नाही, तूसुद्धा नाही.

सुतकाला आपण नावं ठेवतो, मीही भरपूर ठेवली आहेत. पण त्यात एक सोय होती. माणूस दुःखात आहे हे न सांगता सगळ्यांना कळायचं. शेजारपाजारचे पिठलं-भात आणून द्यायचे, येऊन नुसते बसायचे, समारंभाला चल म्हणून कुणी आग्रह करायचं नाही. मैत्रिणीसाठी यातलं काही नाही. पुरुषमाणसं अंत्यसंस्काराला संगम माहुलीला गेली, तू तिच्या दारातूनच मागे फिरलीस आणि घरी येऊन कुकर लावलास. त्याआधी हॉस्पिटलात तरी काय झालं? आयसीयूच्या दाराशी त्या माणसाने ‘कोण लागता?’ विचारलं आणि तू ‘मैत्रीण’ म्हटल्यावर ‘फक्त नातेवाईक’ म्हणून परत पाठवलं. ज्या बाईला तिच्या गोळ्यांच्या वेळा तिच्या मुलापेक्षा जास्त पाठ होत्या, तिला!

केनेथ डोका म्हणून एक अमेरिकन अभ्यासक आहेत. त्यांनी १९८९ मध्ये नेमक्या अशा दुःखावर पुस्तक काढलं. जे नातं लोकांच्या लेखी मोठं नाही, ते तुटल्यावर माणसाला चोरून रडावं लागतं आणि असं चोरून केलेलं दुःख आणखी अवघड होऊन बसतं, असं त्यांचं म्हणणं. तेव्हा तू जगावेगळं काही करत नाहीयेस. आणि गंमत सांगू? आपल्या जुन्या लोकांनी मित्राला अगदीच वाऱ्यावर सोडलेलं नव्हतं. महालयाच्या तर्पणात आईवडील, आजे-पणजे, सासू-सासरे, आत्या-मावश्या असं करत करत शेवटाकडे गुरू, शिष्य आणि मित्र यांनाही पाणी देतात. भाद्रपदात पितृपंधरवडा येतोच. भाऊजी महालय करतात ना? मग गुरुजींना आधीच सांगून ठेव, तिचंही नाव घ्यायचंय. गोत्र तिच्या मिस्टरांना विचार. गुरुजी कुरकुरले तर कुरकुरू देत, दक्षिणा वाढवून दे.

पण भाद्रपद लांब आहे. तोवर तुझं तू सुतक धर. देव झाकून ठेव असं मी म्हणत नाही. पण घरात एकदा स्पष्ट सांग की, माझी मैत्रीण गेली आहे, महिनाभर मला बारशाला, डोहाळजेवणाला, मंगळागौरीला नेऊ नका. बघ, सगळे ऐकतील. तुझी सून समजूतदार आहे. तिला कुणी सांगितलंच नाही तर तिने काय करायचं? ती बिचारी ‘आईंचा मूड नाही’ म्हणून टीव्ही मोठा करते.

आता तब्येतीचं. हे मी तुला दटावून सांगणार आहे, कारण आपल्या दोघींचं वय काही लपलेलं नाही. तू म्हणालीस, छातीत जड वाटतं, पण ते दुःखाचं असेल. असेलही. तरी कार्डिओग्राम काढून घे. मनाला मोठा धक्का बसला की हृदयाचा एक भाग तात्पुरता फुगतो आणि नीट आकुंचन पावत नाही, असा खराखुरा आजार आहे. जपानी डॉक्टरांनी १९९० मध्ये त्याला ताकोत्सुबो नाव दिलं. हृदयाचा आकार त्यांना तिकडच्या ऑक्टोपस पकडायच्या मडक्यासारखा दिसला म्हणून. तो बहुतेक पाळी गेलेल्या बायकांनाच होतो आणि लक्षणं अगदी हार्ट अटॅकची. बहुतेक जणी काही आठवड्यांत बऱ्या होतात, पण तो आहे की खरा अटॅक आहे हे घरी सोफ्यावर पडून कळत नाही. तेव्हा जास्त दुखलं, घाम आला, दम लागला तर भाऊजींना उठवायचं. रात्रीचे दोन वाजले असले तरी.

बाकी साधंच. बीपीची गोळी चुकवायची नाही. शेजारणीने दिलेली झोपेची गोळी घ्यायची नाही. त्या गोळीने रात्री बाथरूमला जाताना पाय अडखळला तर खुबा मोडायला वेळ लागत नाही. जेवण जात नसेल तर मऊभात-मेतकूट खा, ताक पी, पण ताटावर बस. आणि सकाळचं फिरणं बंद केलंस असं सून म्हणाली. चार भिंतीच्या त्या चढावर तिच्याशिवाय जाववत नसेल तर जाऊ नकोस ना. यवतेश्वरच्या रस्त्याला वळ, राजवाड्यावर जा, गच्चीत चाल. पाय हलते ठेव म्हणजे झालं.

‘किती दिवस हे असं चालणार?’ हेही विचारलंस. तुझ्या नातीने तुला मोबाइलवर ते पाच टप्पे दाखवले म्हणे. आधी नाकारणं, मग राग, आणि शेवटी स्वीकार. नातीला म्हणावं, एलिझाबेथ कुबलर-रॉस या बाईंनी १९६९ मध्ये ते लिहिलं ते मरणाच्या दारातल्या पेशंटशी बोलून. स्वतःचं मरण समोर दिसणाऱ्या माणसांचं ते वर्णन, मागे राहिलेल्यांचं वेळापत्रक म्हणून ते नंतर लोकांनी वापरायला काढलं. तेव्हा ‘मी अजून दुसऱ्याच टप्प्यात’ असली परीक्षा देत बसू नकोस. खरं विचारशील तर याला लोक समजतात त्याहून खूप वेळ लागतो. ऑस्ट्रेलियात हजारो माणसांच्या वर्षानुवर्षांच्या नोंदी तपासून २०१९ मध्ये एक अभ्यास छापून आला. जवळचा मित्र किंवा मैत्रीण गेलेल्यांच्या तब्येतीवर आणि मनावर चार वर्षांपर्यंत परिणाम दिसला, बायकांवर जास्त, आणि ज्यांचं लोकांत जाणं-येणं कमी त्यांना सावरायला आणखी वेळ लागला. चार वर्षं! आणि तुला तेराव्यालाच वाटायला लागलं की आता पुरे.

मात्र एक खूण लक्षात ठेव. दिवस कमी-जास्त होत राहिले, मध्येच हसू आलं, एखादी मालिका बघण्यात मन लागलं, तर ठीक चाललंय असं समज. पण सहा महिने उलटले तरी रोजचं काम हातून होत नसेल, तिच्यामागे जावंसं वाटत असेल, तर डॉक्टर गाठायचे. जागतिक आरोग्य संघटनेनेही लांबलेल्या शोकाला आजारांच्या यादीत घेतलंय आणि सहा महिन्यांची खूण घातली आहे. तिच्यामागे जावंसं वाटणं तर एकदा जरी झालं तरी सहा महिने थांबायचं नाही. १४४१६ हा सरकारचा टेलिमानसचा नंबर आहे, फुकट आहे, मराठीत बोलतात. फ्रिजवर लिहून लाव. भाऊजींनी विचारलं तर म्हण, ताईने सांगितलंय.

आता खरं दुखणं कुठे आहे ते बोलू का?

लग्नात तुझं नाव बदललं. ताटातल्या तांदळात अंगठीने नवं नाव लिहिलं आणि दुसऱ्या दिवसापासून सातारा तुला त्याच नावाने ओळखायला लागला. सासू, सासरे, दूधवाला, बँक, आधार कार्ड, सगळे. भाऊजीही त्याच नावाने हाक मारतात. जुन्या नावाची तू फक्त तिच्याकडे राहिली होतीस. भर मंडईत, मेथीच्या जुडीवरून घासाघीस चाललेली असताना, ती मागून तुझं माहेरचं नाव ओरडायची आणि सदुसष्ट वर्षांची बाई गर्रकन वळायची. मी पाहिलंय ते. मी तुला ‘धाकटे’ म्हणते, पण मी तुझी मोठी बहीण. माझ्यापुढे तू नेहमी जराशी शहाणी होऊन यायचीस. कृष्णेच्या घाटावर दगडाला शेवाळ होतं म्हणून पाय घसरला की ढकललं होतं, सातवीच्या वर्गात बाईंच्या खुर्चीला खाजकुयली कोणी लावली, पहिल्या स्थळाचा नकार आल्यावर ढोल्या गणपतीच्या मागे बसून तू काय बोललीस, हे मला माहीत नाही. तिला माहीत होतं. आता ते तुझ्या एकटीकडे आहे, आणि एकटीकडे असलं की आपल्यालाच शंका येते, खरंच तसं झालं होतं का?

माझं म्हणणं एवढंच की, ते कुणाला तरी सांग. कागदावर लिहिलंस तरी चालेल. सुनीताबाई देशपांडे आणि जी. ए. कुलकर्णी यांची मैत्री बरीचशी पत्रांतली. जी. ए. १९८७ मध्ये गेले, आणि सुनीताबाईंनी त्यांना लिहिलेली पत्रं पुढे ‘प्रिय जी. ए.’ या नावाने पुस्तक होऊन आपल्या हाती आली. ती मैत्री आपल्याला कळते ती त्या कागदांमुळे. तुम्हा दोघींचं सगळं बोलणं हवेत गेलं. तुझ्याजवळ आठवतंय तोवर वहीत उतरव. शुद्धलेखनाची काळजी करू नकोस, छापायचं नाहीये. माझ्या ऑफिसातली मैत्रीण गेली तेव्हा माझ्याजवळ तिच्या अक्षरातला चकलीच्या भाजणीचा एक कागद उरला. तांदळाच्या निम्मी हरभऱ्याची डाळ, तिच्या निम्मी उडदाची, पुढे धणे-जिरे, आणि कोपऱ्यात तिरकं लिहिलेलं, ‘सासूला प्रमाण सांगू नकोस, मग तीच करत बसेल आणि तुला बिघडवलंस म्हणेल.’ कागद तेलाने पार अर्धपारदर्शक झालाय. दिवाळीला दरवर्षी काढते, दरवर्षी हसते.

मोबाइलचं एक काम मात्र आजच कर. तिची सगळी चॅट, ते शंकरपाळ्यांचे फोटो, ती गुलाबावर दव पडलेली सुप्रभातं, तिच्या आवाजातले निरोप, सगळं नातीकडून दुसरीकडे साठवून घे. बंद पडलेला नंबर कंपनी काही महिन्यांनी भलत्याला देते. मग एक दिवस तिच्या नावासमोर गॉगल लावलेल्या कुणा पोऱ्याचा फोटो दिसतो आणि पोटात गोळा येतो. ते होणारच आहे असं धरून चाल.

तिच्या घरी जायचं तू टाळते आहेस, तेही मला दिसतंय. तेराव्याला जाऊन आलीस ते बरं केलंस, पण खरी गरज पुढे आहे. तेराव्यापर्यंत घर भरलेलं असतं. दीड महिन्यानंतर जा, तिचे मिस्टर एकटे बसलेले असतील आणि दाराची बेल वाजल्यावर त्यांना कुणी येऊन बसलं तर हवंच असेल. जाताना थालीपीठ घेऊन जा, फार वेळ बसू नकोस. ‘काही लागलं तर सांगा’ असं म्हणू नकोस, कुणी सांगत नाही. ‘गुरुवारी मी डबा पाठवते’ असं म्हण. तिच्या मुलीला तिच्या आईची एखादी अशी गोष्ट सांग जी तिला ठाऊक नसेल. मुलींना आई फक्त आई म्हणून माहीत असते.

आणि तिची काही आठवण हवी असेल तर तोंड उघडून माग. ती निळी इरकल, नाहीतर तो अडकित्ता, काय हवं ते. कपाट आवरायला घेतलं की दोन दिवसांत सगळं वाटून होतं आणि जिला काही माहीत नाही अशी जाऊ ती साडी घेऊन जाते. लाजायचं काय त्यात? मौल्यवान काही मागू नकोस म्हणजे झालं.

एक मात्र पाळ. तिने तुला विश्वासाने सांगितलेलं, सुनेबद्दलचं, थोरल्या दिराच्या जमिनीबद्दलचं, आणखी ते जे तू मलाही सांगितलं नाहीस, ते तुझ्यापाशीच राहू दे. लोक आता गोड बोलून विचारतील, ‘तुम्ही तर जवळच्या, तुम्हाला माहीतच असेल.’ नाही माहीत म्हणायचं. खोटं बोलल्याचं पाप माझ्या खाती टाक.

लोकांच्या समजुतीच्या बोलण्याचा तुला राग आला तो योग्यच आहे. ‘वय झालं होतं’, ‘सुटली बिचारी’, आणि सगळ्यात कहर म्हणजे ‘सवाष्ण गेली, भाग्याची!’ म्हणजे नवरा मागे राहिला हे तिचं भाग्य, आणि जिवंत राहिली असती तर? मला या वाक्याची चीड आहे. पण प्रत्येकीशी भांडायला ताकद कुठून आणायची? ‘मला तिची आठवण येते’ एवढं म्हण आणि गप्प बस. यावर कुणाला काही बोलता येत नाही.

तुझ्या मनातलं आणखी एक मी ओळखलंय, ते तू बोलली नाहीस. आता आपला नंबर. ती तुझ्याच वर्षाची. तिच्या फोटोला हार पाहून तुला स्वतःचा फोटो दिसला असणार. मला तर ओळखीच्या कुणाचंही कळलं की मी आधी वय विचारते, मग आजार, आणि मनात वजाबाकी करते. आपल्या वयाच्या सगळ्या बायका हेच करतात, कबूल कुणी करत नाही. भीती वाटली तर तिला काहीतरी काम दे. मृत्युपत्र अर्धवट पडलंय ते पुरं कर, एफडीवर नॉमिनी कोण आहे ते बघ, लॉकरची किल्ली कुठे आहे ते सुनेला सांग. एवढं झालं की निदान रात्री दोनला त्याच विचारांनी जाग येणार नाही.

तुमच्या फिरण्याच्या ग्रुपचंही बोलायचं राहिलं. तुम्ही सगळ्या एकमेकींना टाळताय, कारण भेटलं की बाकावरची मोकळी जागा दिसते. मग त्या जागेचं एकदा बोलूनच टाका. माझ्या इथे ज्येष्ठ नागरिक संघात बघ, सभा सुरू झाली की आधी श्रद्धांजली, दोन मिनिटं उभं राहायचं, मग लगेच महिन्याचे वाढदिवस, मग बटाटेवडे. मला सुरुवातीला ते फार क्रूर वाटायचं. आता वाटतं, या वयात दुसरं करणार काय? वडे तर सगळ्यांनाच हवे असतात. तुम्हीही जमा, तिची चेष्टा करा, ती किती हट्टी होती ते बोला. सगळं गोड गोडच बोललात तर ती तुमच्यातली राहणार नाही, देव्हाऱ्यातली होईल. आणि नवी कुणी फिरायला यायला लागली तर तिला मैत्रिणीच्या जागी बसवू नकोस, पण जागा नाही असंही म्हणू नकोस. नव्या बाईला तुझं माहेरचं नाव माहीत नसेल. वाटलं तर सांग तिला कधीतरी.

शनिवारी सकाळची विनाथांबा पकडून ये. एसटीत बायकांना अर्धं तिकीट आहे, तेव्हा भाऊजींच्या खर्चाचं कारण मला चालणार नाही. स्वारगेटला नातू घ्यायला येईल. बीपीच्या गोळ्या चार दिवसांच्या आण, मोबाइलचा चार्जर विसरू नकोस, आणि वाईचा तो काळ्या पानांचा अल्बम तुझ्याकडे आहे तो पिशवीत टाक. खाजकुयलीचं मला पहिल्यापासून ऐकायचंय, कारण त्या वर्षी आईने मार मात्र मला दिला होता.